पालवी पाहून रोप विकू नये
काडीपासून रोपे करण्याचा घरगुती धंदा : कृती, हिशेब आणि सचोटी

पावसाळा लागला की कापडाच्या धंद्यात मंदी येते, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, माल भिजण्याची धास्ती असते आणि वसुली पुढच्या सणावर ढकलली जाते. दुकानदाराकडे मंदी आली की ती शिलाई, जरीकाम, मणीकाम करणाऱ्या कारागिरांच्या घरातही उतरते. घरी बसून नगावर काम करणाऱ्या भगिनींचे हात रिकामे राहतात.

मात्र याच दिवसांत अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, हवा इतकी दमट असते की कुंडीत खोचलेली ओली काडीसुद्धा जीव धरते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. जी ओल कापडाला बुरशी आणते, तीच काडीला मूळ फुटण्यास मदत करते. कापडाची मंदी ही रोपांची सुगी आहे.

आम्ही कापडवाले. झाडांचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. कारण एवढेच की हा धंदा थोड्या भांडवलात, खिडकीच्या ग्रीलमध्ये किंवा गॅलरीत होऊ शकतो. कच्चा माल छाटणीत फेकून दिला जातो आणि गिऱ्हाईक त्याच इमारतीत राहते. परंतु सोपा दिसणारा धंदा समजून न घेता केला तर भांडवल बुडते. म्हणून कृतीबरोबर हिशेबही मांडत आहोत.

बी लावावे की काडी?

बीपासून येणारे झाड आईबापांसारखे हुबेहूब असेलच असे नाही. याचे उत्तम उदाहरण खजुराचे आहे. इफ्तारला खाल्लेल्या खजुराची बी पेरली तर झाड येते, पण त्यातली साधारण निम्मी झाडे नर निघतात, म्हणजे फळ नाहीच. उरलेल्या झाडांचे फळही मूळ खजुरासारखे येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून अरबस्तानातील बागायतदार शतकानुशतके मूळ झाडाच्या बुंध्याशी येणारी पिल्ले काढून लावत आले आहेत.

फांदीपासून केलेले रोप मात्र मूळ झाडाचाच तुकडा असते. फूल तेच, रंग तोच, वास तोच. कापडाच्या भाषेत सांगायचे तर एकाच ताक्यातून फाडलेला कटपीस. आपल्या भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला तर सहसा बीच धरत नाही. दादरच्या फुलबाजारात वसई आणि पालघरकडून मोगरा येतो, त्याच्या बागाही काडीपासूनच उभ्या राहतात. द्राक्ष आणि अंजीर यांचीही रीत हीच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर काडीपासूनच वाढवले जाते.

कृषी खाते या पद्धतीला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणते. बागवान नुसते ‘काडी लावणे’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरतो.

काडीला मूळ कसे फुटते?

फांदीवर ज्या ठिकाणी पान येते, तेथे डोळा असतो. डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत एक द्रव्य तयार होते. ते फांदीतून खाली उतरत जाते. फांदी कापली की ते कापलेल्या टोकाशी साठते आणि सालीखालच्या जिवंत थराला मुळे काढण्याचा हुकूम देते. हे द्रव्य शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात ओळखले. त्याच जातीचे तयार संजीवक आज पावडरच्या रूपात खताच्या दुकानात मिळते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की द्रव्य वरून खाली जात असल्यामुळे काडी उलटी लावून चालत नाही. दुसरी अशी की डोळा नसेल तर रोप नाही. मनीप्लांटचे नुसते पान पाण्यात ठेवले तर कधी कधी मुळे दिसतात, पण त्याला नवा कोंब येत नाही. वेलीच्या तुकड्यावर निदान एक डोळा हवाच.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काडी लावल्यावर आठ-दहा दिवसांत तिला हिरवी पालवी फुटते. घरातली मंडळी खूश होतात, ‘लागली’ म्हणतात. पण ही पालवी काडीत आधीपासून साठलेल्या अन्नावर फुटलेली असते. खाली मूळ नसेल तर पाने पाणी मागतात आणि काडी ते देऊ शकत नाही. साठा संपला की पालवी एका दुपारी माना टाकते. दुकानदार नफ्याऐवजी भांडवल खाऊन ऐट करतो, तसाच हा प्रकार. म्हणून पालवी हा मूळ फुटल्याचा पुरावा धरू नये.

कापलेल्या टोकावर कधी पांढरट गाठीसारखा थर दिसतो. ती जखम भरल्याची खूण असते. तेही मूळ नव्हे.

कोणते झाड, केव्हा, किती दिवसांत?

पुदिना : सुरुवात येथूनच करावी. बाजारातून आणलेल्या जुडीतील ताज्या, जाडसर चार-पाच काड्या निवडून खालची पाने काढावीत व त्या पाण्यात ठेवाव्यात. आठवडा-दहा दिवसांत मुळे दिसतात. भांडवल जवळजवळ शून्य आणि शिकायला उत्तम.

मनीप्लांट : दोन ते तीन आठवडे. वर्षभर होतो.

शेवंती : शेंड्याची कोवळी काडी जून-जुलैत लावावी. दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते आणि हिवाळ्यात फुलते.

मोगरा, जास्वंद, तगर, क्रोटन : काडी फार कोवळी नको, फार जुनी नको. वाकवली तर वाकेल पण मोडणार नाही, अशी असावी. जून ते सप्टेंबर हा हंगाम. चार ते सहा आठवडे लागतात.

बोगनवेल व मेंदी : पेन्सिलीएवढी जाड, पक्की, करड्या सालीची काडी घ्यावी. बोगनवेलीला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. मेंदीचे कुंपण याच पद्धतीने वाढवता येते.

चाफा : याचा नियम उलटा आहे. कापल्यावर चीक गळू द्यावा, काडी सावलीत एक-दोन आठवडे सुकू द्यावी आणि मग लावावी. ओली काडी ओल्या मातीत लावली तर कुजते. म्हणून चाफा उन्हाळ्यात, पावसाच्या आधी लावावा.

काही झाडांच्या नादी लागू नये. आंबा काडीपासून नीट होत नाही. कोकणात त्याचे कोय कलम करतात, तर चिकूचे कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. मोठ्या फुलांचे गुलाब बहुधा जंगली गुलाबावर डोळा भरून केलेले असतात. देशी गुलाबाची काडी मात्र लागते.

कृती

१) काडी सकाळी कापावी. झाड निरोगी व पाणी दिलेले असावे. धारदार ब्लेड किंवा सुरी स्पिरिटने पुसून घ्यावी. शिलाईची कात्री वापरू नये. कात्रीने काडी चेपते आणि कात्रीही कापडाच्या कामातून जाते.

२) लांबी सहा ते आठ इंच, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली व तिरपा, वरचा काप डोळ्याच्या थोडा वर व सरळ. यामुळे शंभर काड्यांच्या जुडीतही खालची बाजू चुकत नाही.

३) खालची पाने काढावीत. वर दोन-तीन पाने ठेवावीत. मोठी असतील तर निम्मी कापावीत. कळ्या व फुले सर्व काढावीत, कारण ती साठा खातात.

४) संजीवक पावडर वापरायची तर काडीचे टोक बुडवून जादा पावडर झटकावी. जास्त लावल्याने जास्त मुळे येत नाहीत, उलट टोक करपते. पुदिना, मनीप्लांट यांना पावडरची गरजच नाही. पावडरला हात लावल्यावर हात धुवावेत व डबी मुलांपासून दूर ठेवावी.

५) माध्यम म्हणून जाडसर धुतलेली रेती व कोकोपीट निम्मे-निम्मे घ्यावे. या वेळी खत घालू नये. मूळच नसेल तर खत खाणार कोण?

६) आधी पेन्सिलीने भोक पाडावे, मग दोन डोळे आत जातील अशी काडी लावून भोवती माती दाबावी. जोराने खुपसली तर साल सोलली जाते.

७) वरून पारदर्शक पिशवी घालावी. शर्ट-साड्यांच्या पॅकिंगच्या पिशव्या यासाठी उत्तम. दिवसातून एकदा थोडी हवा द्यावी. उजेड हवा, पण थेट ऊन नको.

८) काडी उपसून पाहू नये. रोज उपसून पाहणाऱ्याची काडी कधी लागत नाही. मुदत झाली की दोन बोटांनी हलकेच ओढावी. अडकली तर मूळ आहे. कुंडीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली तर शंकाच नको.

९) मूळ धरल्यावर पिशवी एकदम काढू नये. आठ-दहा दिवसांत रोज थोडा वेळ वाढवत मोकळ्या हवेची सवय लावावी. मग लाल माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत घालून लहान पिशवीत हलवावे. तेथे आणखी तीन-चार आठवडे ठेवावे.

मुंबईच्या उपनगरांतील अडचणी

पहिली अडचण खाऱ्या रेतीची. जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याची किंवा खाडीची रेती वापरू नये. मीठ काडीला मारते. बांधकामाची रेती मिळाली तरी ती गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावी.

दुसरी अडचण कुजण्याची. आपल्याकडे काडी सुकून मरते त्यापेक्षा जास्त पाण्याने मरते. कुंडीला भोक हवेच. मुसळधार पावसाच्या धारेखाली कुंडी ठेवू नये. काळे पडलेले टोक दिसले की ती काडी त्याच दिवशी काढून टाकावी, नाहीतर बुरशी शेजारच्या काड्यांना लागते. जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखी कीड दिसते, तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. अशा झाडाची काडी घेऊच नये.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, ती डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा ते दहा दिवसांत अंड्यातून उडणारा डास तयार होतो. मनीप्लांटची बाटली आणि कुंडीखालची ताटली या त्याच्या आवडत्या जागा आहेत. महानगरपालिका दर पावसाळ्यात हेच सांगत असते. बाटलीतील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून, कोरड्या कराव्यात. घरचे मूल तापाने फणफणले तर रोपांचा सारा नफा एका रात्रीत औषधाला जातो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कठड्यावर मोकळी कुंडी ठेवू नये. ग्रीलच्या आत, तारेने बांधून ठेवावी.

काडी कोणाची?

लोकांत असा समज आहे की मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो व पैसा येतो. वेलीला चोरी आणि खरेदी यांतला फरक कळत नाही. ती डोळा, ओल आणि उजेड एवढेच ओळखते. फरक कळायचा तो माणसाला. चोरीच्या मालावर उभा राहिलेला धंदा बरकतीचा कसा म्हणावा? शेजाऱ्याला, सोसायटीच्या माळ्याला विचारावे. छाटणीच्या दिवशी ढीगभर फांद्या फुकट मिळतात. बदल्यात एक तयार रोप द्यावे म्हणजे पुढच्या वर्षीही दार उघडे राहते.

कायदाही ध्यानात असावा. बोरिवली व मुलुंडला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती तोडून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रस्त्याकडेच्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे तेथेही हात लावू नये. फळझाडांची रोपे विकण्यासाठी १९६९ च्या महाराष्ट्र फळरोपवाटिका कायद्याप्रमाणे परवाना लागतो. म्हणून अंजीर-डाळिंबाची रोपे घरच्यापुरती करावीत, विक्रीसाठी फुलझाडे व शोभेची झाडे निवडावीत. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, ही छोट्या विक्रेत्याला सोय आहे.

हिशेब

आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या भावाने मांडावेत.

समजा १०० काड्या लावल्या. रेती, कोकोपीट, पिशव्या, पावडर, खत मिळून ६०० रुपये लागले. कोणी म्हणेल, एक रोप ६ रुपयांना पडले. हा हिशेब खोटा आहे. १०० पैकी ७० ना मूळ फुटले आणि त्यातली ६० विकण्यायोग्य झाली, तर एक रोप १० रुपयांना पडले. ३० रुपयांनी विकले तर १,८०० आले, खर्च वजा जाता १,२०० उरले. रोज अर्धा तास याप्रमाणे दोन महिन्यांचे ३० तास धरले, तर तासाला ४० रुपये मिळाले.

आता समजा ३० च रोपे जगली. खर्च तोच, ६०० रुपये. एक रोप २० रुपयांना पडले. विक्री ९०० ची, उरले ३००. तासाला १० रुपये. भाव तोच, मेहनत तीच, मिळकत मात्र चौथाई. म्हणजे या धंद्यातला नफा भाव वाढवण्यात नाही, काडी जगवण्यात आहे.

यावरून असेही दिसेल की सुईकाम सोडून कोणी यामागे लागू नये. हा जोडधंदा आहे. पहिल्या पावसाळ्यात २०-२५ काड्या लावून हात बसवावा. हात बसला की २०० काड्यांना १०० च्या दुप्पट वेळ लागत नाही, तेथून खरा फायदा सुरू होतो. एक वही ठेवावी. तिच्यात झाडाचे नाव, लावल्याची तारीख, किती लावल्या, किती जगल्या, किती विकल्या हे रकाने असावेत. दोन वर्षांच्या वहीवरून आपल्या गॅलरीत काय होते आणि काय होत नाही, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले कळते.

गिऱ्हाईक शोधायला लांब जावे लागत नाही. सोसायटीतील शेजारी, शाळा, दवाखाने, अंधेरीकडील कचेऱ्या. लाल जास्वंदीला गणेशोत्सवात मागणी असते, हे जाणून जूनमध्येच काड्या लावाव्यात म्हणजे तोपर्यंत रोप तयार होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महानगरपालिका हिवाळ्यात झाडाफुलांचे प्रदर्शन भरवते. ते एकदा पाहून यावे. लोक काय पाहतात, काय विचारतात, काय विकत घेतात, हे तेथे समजते. पुढे वाढायचे असेल तर कृषी विज्ञान केंद्रे आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे चौकशी करावी.

विक्रीतील सचोटी

या धंद्यात फसवणूक करणे फार सोपे आहे, म्हणून हे शेवटी सांगतो. पालवी फुटलेली पण मूळ नसलेली काडी पिशवीत खोचून रोप म्हणून विकली तर गिऱ्हाइकाला त्या दिवशी काही कळत नाही. पंधरा दिवसांनी ती सुकते आणि ते बिचारे स्वतःलाच दोष देते, आपल्या हातालाच झाड लागत नाही म्हणते. कच्च्या रंगाचे कापड पहिल्या धुण्यापर्यंत झकास दिसते, तसेच हे. मालाचा ऐब सांगून माल विकावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. रोपाचा ऐब मातीखाली असतो, म्हणून विकणाऱ्याची जबाबदारी जास्त.

तेव्हा नियम असा ठेवावा. मूळ धरल्यावर तीन-चार आठवडे पिशवीत टिकलेले रोपच विकावे. फुलाचा रंग खात्रीने माहीत असेल तरच सांगावा. कण्हेर विषारी आहे, चाफा व क्रोटन यांचा चीक कातडीला त्रास देतो, हे लहान मुले असलेल्या घरी न विचारता सांगावे. ऊन किती, पाणी किती, हे दोन ओळींत चिठ्ठीवर लिहून द्यावे. महिन्याच्या आत रोप आपोआप गेले तर बदलून द्यावे. हिशेबात ६० पैकी पाच रोपे यासाठी राखून ठेवली तरी धंदा बुडत नाही, उलट त्या पाच रोपांमुळे पुढची पन्नास विकली जातात.

कापडाच्या बाजारात आमच्या वडीलधाऱ्यांनी पेढ्या उभ्या केल्या त्या दिलेल्या शब्दावर. कुंडीतल्या धंद्यालाही तोच कायदा लागू आहे. भगिनींनी, शिकत्या मुलांनी, कामावरून निवृत्त झालेल्या बुजुर्गांनी हा प्रयोग या पावसाळ्यात जरूर करून पाहावा. पुदिन्याच्या एका जुडीने सुरुवात करावी, वही लिहावी, आणि मूळ धरेपर्यंत सबुरी ठेवावी.